घाटात ट्रेलर ओढताना: गिअर हाताने की आपोआप?

न्हावाशेवा बंदरातून पुण्याकडे निघालेल्या कंटेनरची खरी कसोटी खोपोलीपासून सुरू होते. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण साठ मीटरवर आहे आणि लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. मधला साडेपाचशे मीटरचा बोरघाट चाळीस टनांचं ओझं घेऊन चढायचा आणि परतीच्या खेपेला उतरायचा, हे काम इंजिन करतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात या कामात आणखी एक अवयव राबत असतो. तो म्हणजे चालकाचा डावा पाय.

मालवाहतुकीच्या धंद्यात आता एक प्रश्न वारंवार निघतो. नवा ट्रेलर घ्यायचा तर हाताने गिअर बदलायचा घ्यावा, की आपोआप गिअर बदलणारा? मालक किंमत, डिझेल आणि दुरुस्तीचा हिशेब मांडतो. चालक सवयीचा हिशेब मांडतो. ‘गिअर हातात असला की गाडी ताब्यात असते,’ असं जुने चालक सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. पण दोघांच्याही हिशेबात एक रकाना बहुधा रिकामा राहतो. चालकाचा गुडघा, कंबर, झोप आणि लक्ष यांचा तो रकाना. घाटात पुढे चाललेल्या मोटारीतल्या, एसटीतल्या माणसांचा जीवही त्याच रकान्यावर अवलंबून असतो.

ओझं हलतं तेव्हा

गिअर आणि क्लच कशासाठी असतात, इथून सुरुवात करू. इंजिन फिरत असतं, चाकं थांबलेली असतात. फिरणारी वस्तू थांबलेल्या वस्तूला एकदम जोडली तर एक तर धक्का बसेल, नाही तर इंजिन बंद पडेल. म्हणून दोघांमध्ये क्लच असतो. क्लचची पाटी सुरुवातीला घसरत घसरत पकडते आणि या घसरण्यातून उष्णता तयार होते. चढावर रस्ताभर येणारा तो जळका वास याच उष्णतेचा.

ही उष्णता किती? भौतिकशास्त्राचं उत्तर सरळ आहे. सपाट रस्त्यावर थांबलेली गाडी हलवताना, क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडीला जेवढी गतीची ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. चालक कितीही कसलेला असला तरी हा कर चुकत नाही. ओझं दुप्पट झालं की उष्णता दुप्पट होते. क्लच ज्या वेगाला पूर्ण पकडतो तो वेग दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. म्हणूनच जड वाहनांचा पहिला गिअर माणसाच्या चालण्याइतका सावकाश असतो. भरलेला ट्रेलर दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर उचलण्याची सवय क्लचची पाटी का खाते, याचं उत्तर या चौपटीत आहे. चढावर तर आणखी भर पडते, कारण घसरण जास्त वेळ चालते. ब्रेक न लावता क्लच अर्धा दाबून गाडी चढावर तोलून धरली, तर सगळी शक्ती नुसती पाटी तापवण्यात जाते.

मागे ट्रेलर जोडला म्हणजे नेमकं हेच होतं. ओढणारं वाहन तेच राहतं, वजन मात्र दुप्पट-तिप्पट होतं. गिअर हाताने की आपोआप, हा प्रश्न म्हणूनच मुळात ‘ही उष्णता आणि हे कष्ट कुणाच्या वाट्याला येणार’ असा प्रश्न आहे. क्लचच्या, तेलाच्या, ब्रेकच्या, की माणसाच्या?

डाव्या पायाचा हिशेब

समजा, घाटात कोंडी झाली आहे. वाहनं दहा-वीस फूट पुढे सरकतात आणि थांबतात. मिनिटाला तीन वेळा क्लच दाबावा लागला, तर तासाला 180 वेळा आणि तीन तासांत 540 वेळा. पेडल दाबायला दर वेळी बारा किलो वजनाएवढा जोर लागतो असं धरलं, तर पायाने पेललेला एकूण भार साडेसहा टनांच्या घरात जातो. म्हणजे पन्नास किलोची जवळपास 130 पोती. काही गाड्यांत हवेच्या दाबाची मदत असते, तिथे जोर कमी लागतो. जुन्या, देखभाल न झालेल्या गाडीत तो याहून जास्तही लागतो.

क्लच दाबताना मांडीचा पुढचा मोठा स्नायू आणि पोटरीचे स्नायू एकत्र काम करतात. गुडघा वाकलेल्या स्थितीतून जोर लावून सरळ करायचा, म्हणजे गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. हेच शेकडो वेळा झालं की वाटीमागे दुखणं सुरू होतं. जिना उतरताना, उकिडवं बसताना किंवा बराच वेळ पाय दुमडून बसून उठताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येणं, ही त्याची ओळखीची खूण.

क्लच अर्धा दाबून धरणं त्याहून वाईट. भरलेली बादली उचलून चालणं आणि तीच बादली हातात धरून एका जागी उभं राहणं, यांत दुसरं लवकर थकवतं. आकुंचन पावून तसाच राहिलेला स्नायू स्वतःमधल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो. रक्त कमी पोचतं, प्राणवायू कमी पडतो आणि पाय भरून येतो, थरथरतो. थरथरता पाय क्लच एकसारखा सोडू शकत नाही. मग गाडी धक्के देते, पाटी आणखी तापते. माणूस आणि यंत्र असे एकमेकांना दमवत राहतात.

तिसरा वाटा कंबरेचा. आसन मागे असेल तर पेडल तळापर्यंत दाबण्यासाठी कंबर एका बाजूने पुढे सरकते आणि मणक्याला दर वेळी किंचित पीळ बसतो. त्यात गाडीची थरथर मिसळते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि जड वाहनाच्या आसनातून येणारी बरीच कंपनं याच टप्प्यात असतात. चालकांमध्ये कंबरदुखी इतकी का आढळते, याचं मोठं कारण बैठक, कंपन आणि पीळ या तिघांच्या युतीत आहे.

आपोआप बदलणारा गिअर या तिघांपैकी पीळ काढून टाकतो आणि गुडघ्याचं काम संपवतो. बैठक आणि कंपन तसंच राहतं. त्यामुळे ‘ऑटोमॅटिक घेतला, आता कंबर दुखणार नाही’ असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं. आसनाची उशी, त्याखालची स्प्रिंग किंवा हवेची पिशवी आणि टायरमधली हवा यांचा कंबरेशी संबंध गिअरपेक्षा जवळचा आहे.

आपोआप म्हणजे नेमकं काय?

एका नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात आणि घेणाऱ्याचा गोंधळ तिथेच होतो.

पहिल्या प्रकारात इंजिन आणि गिअरच्या पेटीमध्ये क्लचच्या पाटीऐवजी तेल असतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे हवेच्या जागी तेल असतं. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांनी 1905 मध्ये जहाजांसाठी या तत्त्वाचं पेटंट घेतलं. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. गाडी हलण्याच्या क्षणी हे यंत्र इंजिनाचा पीळ जवळजवळ दुप्पट करून पुढे देतं. ओझं ओढायला सुरुवात करताना हा गुण फार मोलाचा. पाटी जळण्याचा प्रश्न उरत नाही आणि धक्काही बसत नाही. उष्णता मात्र नाहीशी होत नाही, ती तेलात जाते. म्हणून या तेलाला वेगळा थंडावा लागतो. तो अपुरा पडला तर तेल काळवंडतं, करपल्यासारखा वास येतो आणि पेटीचं आयुष्य घटतं.

दुसरा प्रकार आपल्या मालवाहतुकीत जास्त दिसतो. त्याला एएमटी म्हणतात. इथे क्लचची पाटी तीच आणि गिअरची चाकंही तीच. पाय आणि हात यांच्या जागी हवेवर किंवा तेलावर चालणारे दट्टे असतात आणि हुकूम संगणकाचा असतो. म्हणजे वर सांगितलेला चौपटीचा नियम इथेही लागू आहे. फरक एवढाच, की संगणक थकत नाही. तो क्लचवर पाय टेकवून ठेवत नाही आणि कंटाळून तिसऱ्या गिअरवर गाडी उचलत नाही. क्लचची पाटी जास्त टिकते ती या शिस्तीमुळे.

या यंत्राची उणीवही समजून घ्यायला हवी. चढ किती आहे आणि ओझं किती आहे याचा अंदाज ते घेतं, पण पुढच्या वळणामागे लागलेली वाहनांची रांग त्याला दिसत नाही. चढावर नेमक्या नको त्या क्षणी ते वरचा गिअर टाकतं आणि लगेच खाली येतं, अशी चालकांची तक्रार असते. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि भरल्या ट्रेलरला तेवढा क्षणही जड जातो. यासाठी या गाड्यांत गिअर स्वतः ठरवण्याची सोय दिलेली असते. घाटात ती वापरणं हा कमीपणा नव्हे, गाडी बनवणाऱ्यांचीही तीच अपेक्षा असते.

जीव जातो तो उतारावर

चढावर चूक झाली तर क्लच जळतो. उतारावर चूक झाली तर माणसं मरतात. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका जड वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली येणारा तो रस्ता आजही चालकांची परीक्षा घेतो. प्रत्येक अपघाताचं नेमकं कारण वेगळं असतं, पण लांब उतारामागचं गणित एकच आहे.

चाळीस टनांचा ट्रेलर साडेपाचशे मीटर खाली येतो, तेव्हा सुमारे 21 कोटी 60 लाख जूल ऊर्जा कुठे तरी जावी लागते. एवढ्या ऊर्जेत साडेसहाशे लिटर गार पाणी उकळेल. उतरायला अर्धा तास लागला असं धरलं, तर सतत 120 किलोवॅट शक्ती जिरवावी लागते. घरातला दोन किलोवॅटचा गिझर डोळ्यांसमोर आणा. असे साठ गिझर अर्धा तास एकदम चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता होईल तेवढी ही उष्णता. हवेचा अडथळा आणि टायरचं घर्षण यांत तिचा साधारण पाचवा हिस्सा जातो. उरलेली ब्रेकने आणि इंजिनाने वाटून घ्यायची असते.

गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिन या वाटणीतून बाहेर पडतं आणि सगळा बोजा ब्रेकवर येतो. डिझेल वाचवण्यासाठी हे केलं जातं. वाचलेलं डिझेल काही रुपयांचं असतं. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे ब्रेकच्या अस्तरापासून दूर जातो. अस्तरही तापलं की पकड सोडतं. चालक पेडल आणखी जोरात दाबतो आणि पुन्हापुन्हा दाबल्यामुळे टाकीतली हवा कमी होत जाते. अपघातानंतर बातमीत ‘ब्रेक निकामी झाले’ असं लिहून येतं. अनेकदा ते ब्रेक घाटाच्या माथ्यावर ठणठणीत होते आणि मधल्या वीस-पंचवीस मिनिटांत भाजून निघाले, एवढंच झालेलं असतं.

अमेरिकी इंजिन-उद्योजक क्लेसी कमिन्स यांनी 1931 मध्ये हा अनुभव स्वतः घेतला होता. डिझेलवर चालणारा ट्रक देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत नेण्याच्या मोहिमेत कॅलिफोर्नियातला कॅहोन घाट उतरताना त्यांच्या ट्रकचे ब्रेक पकडेनासे झाले. पायथ्याशी रेल्वेचं फाटक होतं आणि मालगाडी जात होती. ट्रक थोडक्यात वाचला. पुढे उतारवयात त्यांनी यावरचा उपाय शोधला. इंजिनातला दट्ट्या हवा दाबतो तेव्हा त्याला शक्ती खर्चावी लागते. दाबलेली हवा एरवी स्प्रिंगसारखी दट्ट्याला परत ढकलते. त्याआधीच झडप उघडून ती सोडून दिली, तर खर्चलेली शक्ती परत मिळत नाही आणि इंजिनच ब्रेकसारखं काम करू लागतं. हा इंजिन ब्रेक 1961 मध्ये बाजारात आला. आज जड वाहनांत तो, एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर नावाची वेगळी यंत्रणा मिळते. यातली कुठलीही एक असणं हे गिअर हाताने की आपोआप यापेक्षा मोठं संरक्षण आहे.

ही यंत्रणा काम करते ती इंजिन आणि चाकं योग्य गिअरमधून जोडलेली असतील तरच. इथे दोन्ही प्रकारच्या गाड्यांना एकच नियम लागू होतो: गिअर उतार सुरू होण्याआधी निवडायचा. हाताच्या गिअरच्या गाडीत उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला जावं, तर तो पडत नाही आणि आधीचाही निसटतो. गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. आपोआप गिअरच्या गाडीत संगणक इंजिन वाचवण्यासाठी खालचा गिअर नाकारतो. यंत्र वेगळं असलं तरी चूक तीच आणि परिणामही तोच.

‘ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा’ हा जुन्या चालकांचा मंत्र जुन्या गाड्यांसाठी बरोबर होता. आजची इंजिनं ताकदवान आहेत. ती वरच्या गिअरमध्येही घाट चढून जातात. त्यामुळे उतरताना चढणीच्या गिअरपेक्षा एखादा खालचा गिअर लागू शकतो. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा, ठरवलेला वेग ओलांडला की ठामपणे ब्रेक लावून वेग आठ-दहा किलोमीटरने उतरवायचा आणि पाय काढायचा, ही पद्धत ब्रेकला थंड व्हायला वेळ देते.

मोकळा झालेला पाय

आपोआप गिअर घेतल्यावर डाव्या पायाला सुट्टी मिळते. या सुट्टीची दुसरी बाजूही आहे. पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. पाय तासन् तास लोंबता, न हलता राहिला की रक्त साचतं, घोट्याला सूज येते आणि ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्या पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकाच पोटरीला अचानक सूज, दुखणं, गरमपणा आला तर ती चोळू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. उपाय साधा आहे: दर दोन तासांनी खाली उतरून पाच-दहा मिनिटं चालायचं, टायर तपासायचे, पाणी प्यायचं.

मधुमेह असलेल्या चालकाने तर आणखी सावध राहायला हवं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांतल्या नसा बधिर होतात. क्लचवर पाय नीट बसला आहे की नाही, हे खाली बघितल्याशिवाय कळत नाही. असा चालक आपोआप गिअरची गाडी मिळाली की सुटल्यासारखा होतो. पण ही बधिरता सहसा दोन्ही पायांत सारखी येते. डावा पाय सुन्न असेल तर ब्रेकवरचा उजवा पायही शंकास्पद आहे. गिअर बदलल्याने तक्रार झाकली जाते, आजार तिथेच राहतो. चप्पल पायातून निसटलेली न कळणं, तळव्याला मुंग्या येणं, रात्री आग होणं ही लक्षणं असतील तर गाडीच्या आधी पाय तपासायला हवेत. मालवाहू वाहनाचा परवाना दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो आणि त्यासाठी डॉक्टरांचा नमुना 1-अ लागतो. तो कागद घाईत सही करून घेण्याचा नाही. पाय, डोळे, साखर आणि रक्तदाब मोकळेपणाने सांगण्याची ती संधी आहे. साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळून घाटात शिरू नये, कारण साखर घसरली तर निर्णय चुकू लागतात.

राहिली झोप. इथे कुठलाही गिअर कामाचा नाही. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची सफाई आणि प्रतिसाद, रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात, हे 1997 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात दिसलं. आपल्या कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला, पण पहाटे पाचला निघून रात्री दहालाही स्टिअरिंगवर असलेला चालक कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या माणसासारखाच धोकादायक असतो आणि त्याला पकडणारं कुठलंही नळकांडं पोलिसांकडे नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास काम ठरवलं होतं. खेपेवर पैसे मिळणाऱ्या धंद्यात हे आकडे कागदावर राहतात. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून दोष एकट्या चालकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आपोआप गिअरमुळे थकवा कमी होतो हे खरं. पण रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत शरीराचं घड्याळच झोप मागत असतं आणि तेव्हा हातापायांना काम कमी असणं डुलकीला आमंत्रण ठरू शकतं. वाचलेल्या श्रमाचा उपयोग ‘अजून शंभर किलोमीटर मारू’ यासाठी झाला, तर यंत्राने दिलेलं माणसाने घालवलं असं होतं. मोठ्याने घोरणारा, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणारा आणि दिवसा बसल्या बसल्या डोळा लागणारा चालक असेल, तर झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची तपासणी करून घ्यावी. त्यावर उपचार आहेत.

जिथे निवडच नाही

उसाच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. परदेशात आपोआप गिअरचे ट्रॅक्टर आहेत, पण आपल्या शिवारात बहुतेक सगळे हाताच्या गिअरचेच. तिथे ‘कोणता घ्यावा’ हा प्रश्न उद्भवत नाही, उष्णतेचा आणि ओझ्याचा नियम मात्र तोच लागू होतो. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे उतारावर मागचा ऊस पुढच्या ट्रॅक्टरला ढकलत असतो. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांची दोन ब्रेकपेडलं शेतात वेगळी वापरतात. रस्त्यावर येण्याआधी ती खिटीने एकत्र जोडली नाहीत, तर एकच चाक पकडतं आणि ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी ढकलते. ओढ्यावरच्या छोट्या उतारावरही न्यूट्रल नको. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आणि चालू दिवा हवा. यातल्या एकाही गोष्टीला नवा ट्रॅक्टर लागत नाही.

मग घ्यावा कोणता?

रोज कोंडी, रोज घाट आणि लांबचा पल्ला असेल, तर आपोआप गिअर बदलणारी गाडी चालकाच्या शरीरासाठी चांगली. जास्तीची किंमत क्लचच्या टिकण्यातून आणि चालक टिकण्यातून वसूल होऊ शकते. पंचेचाळिशीनंतर गुडघ्यामुळे स्टिअरिंग सोडावं लागणाऱ्या माणसाला ती आणखी काही वर्षं रोजगार देऊ शकते. आडवळणाचा रस्ता, जवळच्या खेपा आणि गावातलाच मेकॅनिक असेल, तर हाताचा गिअर अजूनही शहाणपणाचा. बंद पडला तर तो दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

घरच्या मोटारीला छोटा ट्रेलर जोडायचा असेल, तर आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडावं. किती वजन ओढायची परवानगी आहे, हे त्यात लिहिलेलं असतं आणि काही गाड्यांत मुळीच ओढू नका असंही लिहिलेलं असतं. आपोआप गिअरच्या मोटारींमध्ये तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर ओझ्याला सर्वांत बरा. पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी किंवा कोरड्या क्लचच्या पेट्या सरकत्या कोंडीत आणि चढावर लवकर तापतात.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या जड मालवाहू गाड्यांची चालकाची केबिन वातानुकूलित असणं सक्तीचं झालं आहे. चालकाच्या शरीराची दखल नियमांनी घेतली, हे चांगलं झालं. गाडी घेताना त्याच नजरेने आणखी चार प्रश्न विचारायला हवेत. इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर आहे का? क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला आणि पाठ टेकलेली राहील इतकं आसन पुढे सरकतं का? ट्रेलरचे ब्रेक ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकइतकेच धडधाकट आहेत का? आणि ही गाडी चालवणाऱ्याला रात्री सात तास झोप मिळेल असा खेपेचा हिशेब मांडला आहे का?

या चारांची उत्तरं ‘हो’ असतील तर दोन्ही गिअर चालतील. ती ‘नाही’ असतील, तर घाटाच्या माथ्यावरून खाली सुटलेल्या चाळीस टनांना गिअर हाताने पडतो की आपोआप, याने काही फरक पडत नाही.